हाताला कळतं ते

बाजरीच्या पेरणीला पाभरीच्या चाड्यावर मूठ कुणी धरायची, हे घरात आधीच ठरलेलं असतं. बैल कुणी हाकायचे यावर एखाद्या वेळी कुरबुर होईल. मुठीवर होत नाही. बाजरीचा दाणा बारीक. मूठ जरा सैल पडली की पीक दाट उगवतं आणि विरळणीला मजूर लावावे लागतात. घट्ट झाली की तासात नांग्या पडतात आणि त्या भरत बसावं लागतं. बैलांची चाल सगळीकडे सारखी नसते. ढेकूळ लागलं की पाभर उचलली जाते, चढावर बैल रेंगाळतात, उतारावर ओढतात. त्या प्रत्येक वेळी चाड्यावरची बोटं आपली आपण सैल-घट्ट होत राहतात. हे चालू असताना मूठ धरणारी बाई शेजारच्या वावरातल्या बाईला मोठ्यानं विचारत असते, की लेकीकडचे पाहुणे किती दिवस राहणार आहेत.

हे पुस्तक त्या बोटांबद्दल आहे, आणि त्या बोटांना जे कळतं ते कुठं साठवलेलं असतं, त्याबद्दल आहे. मन आपल्याला न विचारता, बऱ्याचदा न कळवताही, दिवसभर जे काम उरकत असतं त्याचा शोध घ्यायचा तर प्रयोगशाळेत जावं लागतं, आणि पुढच्या काही प्रकरणांत आपण तिथं जाणारही आहोत. पण माझ्या मते सुरुवात गावात करावी. म्हणून मी नामपूर निवडलं. मोसम नदीच्या काठचं, बागलाण तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. इथं कांदा आणि डाळिंब आहे, स्वतःची बाजार समिती आहे, घरात अहिराणी आणि बाजारात मराठी आहे. मोसम इथून खाली मालेगावला जाऊन गिरणेला मिळते, आणि त्या मालेगावात यंत्रमाग आहेत. सलग खडखडाट चाललेला असताना एका मागाचा आवाज किंचित बदलला की विणकराची मान तिकडे वळते. आपण काय ऐकलं, हे त्याला वळल्यानंतर कळतं. हातांचं आणि कानांचं असं शहाणपण या नदीच्या काठानं भरपूर आहे.

अशा कामाला आपण सहजच ‘यांत्रिक’ म्हणतो. ‘त्यात काय, सवयीनं होतं,’ असं म्हणून पुढं जातो. या पुस्तकाचा सगळा रोख या ‘त्यात काय’वर आहे. जे काम आज लक्ष न देता होतं, ते कधीतरी फार लक्ष देऊन कमावलेलं असतं. आणि ते कमावून झालं म्हणूनच लक्ष दुसरीकडे द्यायला मोकळं होतं. ही मनाची गैरहजेरी नाही, ही त्याची शिल्लक आहे.

आपल्या दिवसाचा किती भाग असा जातो? वेंडी वूड या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना जवळपास तासातासाला नोंद करायला लावली: आत्ता काय करताय आणि आत्ता काय विचार चाललाय. जे काम जवळजवळ रोज, त्याच जागी होतं, त्याला त्यांनी सवयीचं काम म्हटलं; ते करताना बऱ्याचदा डोक्यात दुसरंच काही असायचं. नोंदींपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास कामं अशी निघाली. ती कॉलेजातली तरुण मुलं होती. पहाटे पाण्यापासून सुरू होणारा आणि रात्री जनावरांच्या वैरणीशी संपणारा शेतकरी घरातला दिवस मोजला, तर वाटा याहून कमी निघेल असं मला वाटत नाही.

विल्यम जेम्सनं १८९० साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा ग्रंथ लिहिला, त्यात सवयीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचं म्हणणं असं, की रोजच्या बारीकसारीक गोष्टी जितक्या सवयीच्या हवाली कराल, तितकी मनाची वरची शक्ती तिच्या खऱ्या कामाला मोकळी राहील. ज्याला प्रत्येक बारीक गोष्ट ठरवूनच करावी लागते, त्या माणसासारखा दीनवाणा माणूस नाही, असंही त्यानं म्हटलं आहे. मला जेम्सचं हे प्रकरण फार आवडतं. पण त्यात एक उणीव आहे: ‘बारीकसारीक’ म्हणून तो जे बाजूला ठेवतो, त्याच्या आत काय कसब आहे, हे पाहायला तो थांबत नाही. ते आपण थांबून पाहू.

उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत चालते. गादीवाफ्यावर वाढवलेलं रोप उपटून जुड्या बांधतात, वाफ्यात पाणी सोडून चिखल करतात, आणि बायकांची टोळी ओळीनं वाफ्यात बसते. लागवड बहुधा उक्ती असते, एकरावर दर. डाव्या हातात रोपांची जुडी असते. त्याच हाताचा अंगठा जुडीतून एकेक रोप पुढं सरकवतो, उजवा हात ते घेतो, मूळ चिखलात टेकवतो आणि अंगठ्यानं दाबतो. कृषी विद्यापीठांची शिफारस दोन ओळींत १५ आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवण्याची आहे. या हिशेबानं एकरात अडीच लाखांच्या पुढं रोपं बसतात. इतक्या वेळा ते अंतर कुणी मोजत नाही, तरी वाफा पुरा झाल्यावर उभं राहून पाहिलं तर ओळी दिसतात. रोप फार खोल गेलं तर कांदा नीट पोसत नाही, वर राहिलं तर कोलमडतं. किती खोल, हे अंगठा चिखलाच्या दाबावरून ठरवतो, आणि चिखल प्रत्येक वाफ्यात वेगळा असतो: वाफ्याच्या तोंडाशी पाणी जास्त, शेवटाला कमी. म्हणजे एकच हालचाल अडीच लाख वेळा केली, असं म्हणणं खरं नाही. अडीच लाख वेळा ती हालचाल थोडीथोडी बदलत राहिली, आणि बदलण्याचा निर्णय जिनं घेतला तिला तो घेतल्याचं कळलंसुद्धा नाही. यंत्राला हे सहज जमत नाही, म्हणूनही इतकी वर्षं हे काम बायकांच्या हातात आहे.

हे हातात उतरतं कसं? याचा पहिला नीट अभ्यास तारायंत्रावर झाला. इंडियाना विद्यापीठातल्या ब्रायन आणि हार्टर या दोघांनी १८९७ आणि १८९९ साली तार-ऑपरेटरांवर लिहिलेले निबंध आजही वाचावेत असे आहेत. आपल्याकडची तार २०१३च्या जुलैत बंद झाली. त्या ‘कट्ट-कड’चा आवाज ऐकलेली माणसं अजून आहेत, त्यांना यातलं मर्म लगेच पटेल. नवशिका ऑपरेटर एकेक अक्षर ऐकतो. काही महिन्यांनी त्याला अक्षरं ऐकू येईनाशी होतात, शब्द ऐकू येतात. मग शब्दही मागे पडतात आणि वाक्य ऐकू येतं. मधल्या काळात एक टप्पा असा येतो, की आठवडेच्या आठवडे मेहनत करूनही वेग वाढत नाही. शिकणारा निराश होतो. त्या दोघांच्या मते याच रुतलेल्या काळात खालचं काम हातात मुरत असतं. नवी सून भाकरी शिकताना आणि नवा पोरगा ट्रॅक्टर शिकताना घरातली जुनी माणसं ‘येईल हळूहळू’ म्हणतात, ते या टप्प्याबद्दलच.

मुरतं तेव्हा मेंदूत जागाही बदलते. सुरुवातीला कपाळामागचा, विचारपूर्वक ठरवणारा भाग राबतो. सराव वाढला की ओझं मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियावर आणि मागच्या बाजूच्या लहान मेंदूवर जातं. आठवणीत राहणारं आणि हातात मुरणारं, ही दोन खाती किती वेगळी आहेत, ते हेन्री मोलेसन या अमेरिकी माणसामुळं जगाला कळलं. १९५३ साली फेफऱ्यावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढण्यात आला. त्यानंतर नवीन आठवण म्हणून त्याच्याकडं टिकेना. दहा मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्याला नवा. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला एक काम दिलं: आरशात पाहून चांदणीच्या आकृतीवर पेन्सिल फिरवायची. हे कुणालाही अवघड जातं, कारण आरशात हात उलटा चालतो. तीन दिवसांत त्याच्या चुका झपाट्यानं कमी झाल्या. आणि प्रत्येक दिवशी त्याच्या मते तो हे काम पहिल्यांदाच करत होता. हात शिकला होता. माणसाला ठाऊक नव्हतं.

याच्या उलटा प्रकार इंग्लंडच्या इयन वॉटरमनचा. १९७१ साली, वयाच्या १९व्या वर्षी, एका आजारात त्याची मानेखालची स्पर्शाची आणि हालचालीची जाणीव गेली. स्नायूंत ताकद होती, लकवा नव्हता. पण आपला हात कुठं आहे, पाय कुठं आहे, हे आतून कळणं बंद झालं. त्याआधी तो खाटकाच्या दुकानात काम करायचा, म्हणजे सुरीवर हात बसलेला माणूस. त्याला उठून बसणं नव्यानं शिकावं लागलं. प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहून, मनात आखून. पुढं तो चालायला लागला, गाडीही चालवायला लागला, पण दिवा गेला की कोसळायचा, कारण पाय दिसेनासे व्हायचे. जोनाथन कोल या डॉक्टरांनी १९९१ साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आपल्याकडचे कंपवाताचे रुग्ण येत राहिले. त्यांच्यात बेसल गँग्लियाचंच काम बिघडलेलं असतं. दाराच्या उंबऱ्याशी पाय खिळतो, पाऊल ‘टाकायला’ लागतं. जमिनीवर आडव्या रेघा काढल्या तर त्या रेघांवर पाय देत तीच माणसं बरी चालतात, कारण सवयीचा रस्ता बंद झाला तरी लक्ष देऊन चालण्याचा रस्ता उघडा असतो. चालणं ही लक्ष न देता होणारी गोष्ट आहे, हे ज्याचं ते गेलं त्यालाच पुरतं कळतं.

आता स्वयंपाकघरात. बाजरीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळं पीठ तळव्यानं रगडून मळावं लागतं, पाणी गरम घ्यावं लागतं आणि मळलेलं पीठ ठेवून चालत नाही. पिठाचं वय, दळण जाड की बारीक, थंडी की उकाडा, यावर पाणी बदलतं. नामपुरात एका मावशींना मी विचारलं, पाणी किती घालता? त्या थांबल्या. पुन्हा पिठाकडं पाहिलं, परातीत बोटं फिरवली आणि म्हणाल्या, ‘काय सांगू, हातले समजस.’ मी आग्रह धरला, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी भांड्यानं मोजून पाणी घातलं; ती भाकरी थापताना कडेला चिरली. पुढच्या भाकरीला त्यांनी भांडं बाजूला सारलं.

त्या चिरलेल्या भाकरीमागचं कारण प्रयोगातही दिसलं आहे. सियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली फुटबॉलपटूंना चेंडू पायानं खेळवत न्यायला सांगितलं आणि त्याच वेळी पायाचा कोणता भाग चेंडूला लागतोय याकडं लक्ष ठेवायला सांगितलं. नवशिक्यांचं यात बिघडलं नाही. कसलेल्या खेळाडूंचं मात्र त्यांच्या सरावाच्या पायानं खेळताना बिघडलं. मुरलेल्या कामात लक्ष घातलं की ते पुन्हा सुटं सुटं होतं. म्हणूनच या पुस्तकासाठी माहिती गोळा करताना प्रश्न विचारणं मी कमी केलं आणि शेजारी बसणं वाढवलं. ‘सांगता येत नाही’ म्हणजे ‘ठाऊक नाही’ असा अर्थ शिकलेली माणसं फार पटकन काढतात. खापरावरचे मांडे करणारी बाई पुरणाची पोळी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवते आणि उपड्या खापरावर टाकते. ती फाटत का नाही, हे तिला वाक्यात सांगता आलं नाही म्हणून तिचं ज्ञान उणं होत नाही.

मोकळ्या झालेल्या लक्षाचं माणूस करतो काय? या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर मराठीकडं आहे, आणि ते जगाला आपण पुरेसं सांगितलेलं नाही. ते म्हणजे जात्यावरची ओवी. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसून खुंटा फिरवायच्या. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हातानं मधूनमधून जात्याच्या तोंडात वैरण घालायची. वैरण जास्त झाली तर पीठ भरड पडतं, कमी झाली तर दगडावर दगड घासतो. हे सगळं अंधारात, अर्धवट झोपेत. हात इतके तयार झालेले, की जिभेला आणि मनाला पूर्ण सुट्टी. त्या सुट्टीत बायकांनी माहेर, भाऊ, सासू, पंढरी, सीता, दुष्काळ, नवऱ्याचा मार, सगळं काही ओवीत बांधलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या दोघांनी १९८०च्या दशकापासून खेडोपाडी फिरून ग्रामीण महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातून प्रसिद्ध होत आहेत. लाखभर! आणि या बायकांपैकी बहुतेकींना कागदावर लिहायची संधीच मिळालेली नव्हती.

खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर डोळ्यांसमोरच आहे. जळगावजवळच्या असोद्याच्या या शेतकरी बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या गाणी रचत गेल्या; ऐकणाऱ्यांनी ती टिपली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक आलं. बहिणाबाईंच्या प्रतिभेचं मोल कमी करायचा प्रश्नच नाही. पण ती प्रतिभा कामाच्या फुरसतीत फुलली की कामाच्या आतच, हे विचारायला हवं. मी म्हणेन, आतच. कॉर्नेल विद्यापीठात १९७६ साली दोन विद्यार्थ्यांना रोज गोष्ट वाचत असतानाच सांगितलेले शब्द लिहून घ्यायला लावलं. आधी दोन्ही कामं कोलमडली. काही आठवड्यांच्या सरावानंतर वाचण्याचा वेग आणि समज दोन्ही पूर्ववत झालं, लिहिणंही चालू राहिलं. मानसशास्त्रात हा प्रयोग गाजला. आपल्या आज्या-पणज्या ते पिढ्यान्‌पिढ्या करत होत्या, आणि वर काव्य रचत होत्या. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या पाठीवरचं ओझं उतरलं, ते उतरायलाच हवं होतं. ओवीची जागा मात्र गेली.

या मोकळेपणाला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. मालेगावला जायला निघालेला माणूस रोजच्या सवयीनं सटाण्याच्या रस्त्याला लागतो आणि दोन-तीन किलोमीटर गेल्यावर त्याला कळतं. ही किरकोळ गोष्ट. तंबाखूची पुडी खिशातून निघते, चुना लागतो, तळहातावर अंगठा फिरतो, चिमूट ओठाखाली जाते, आणि या सगळ्यात ‘घेऊ का?’ असा प्रश्न कुठंच येत नाही. ज्याला सोडायची आहे त्याचा निश्चय खोटा नसतो. जेवण झालं, पारावर बसलं, एवढ्या खुणेवर हात आधीच निघालेला असतो. अशा वेळी मनोनिग्रहाची व्याख्यानं देण्यापेक्षा खूण बदलणं, जागा बदलणं, पुडी हाताला लागणार नाही अशी ठेवणं याचा उपयोग जास्त होतो. मोबाइलचंही तसंच.

याहून गंभीर ते, जे आपल्याला सवय म्हणून दिसतच नाही. दारात आलेल्या माणसाला ‘या’ निघतं की ‘ये’. खुर्ची पुढं होते की ‘बस तिथं’ म्हणून ओट्याकडं बोट जातं. चहा कोणत्या कपातून येतो. विचारलं तर घरातले मनापासून सांगतील, ‘आम्ही जातपात मानत नाही.’ ते खोटं बोलत नसतात. पण जीभ आणि हात लहानपणी जे पाहून शिकले ते अजून करत असतात, आणि समोरच्या माणसाला ते बरोबर पोचतं. चाड्यावरच्या मुठीचं कौतुक करताना जिभेचं आणि हाताचं हे वळणही त्याच मार्गानं तयार झालेलं आहे, हे मला पानोपानी आठवत राहिलं. इथं मात्र लक्ष परत आणावं लागतं, मुद्दाम, संकोच पत्करून, पुष्कळ दिवस. नाशिक जिल्ह्यातच, इगतपुरीला, सत्यनारायण गोएंकांनी १९७६ साली उभं केलेलं विपश्यना केंद्र आहे. तिथं माणसं दहा दिवस मौन पाळतात आणि पहिले काही दिवस फक्त श्वासाकडं बघतात. श्वास हे असं काम आहे, की जे आपोआप होतं आणि ठरवूनही करता येतं. आपोआप चालणाऱ्या गोष्टीकडं, ती न बिघडवता, बघायला शिकायचं तर श्वासाहून सोयीची जागा नाही. त्यामागच्या धर्मविचाराबद्दल ज्याचं त्याचं मत असेल. ती जागा ज्यांनी हेरली त्यांची नजर मला तरी फार पुढची वाटते.

राहिली एक गोष्ट, आणि हे पुस्तक लिहायला मला तिनंच बसवलं. महाराष्ट्राच्या १९७७च्या रोजगार हमी कायद्यात आणि पुढं देशाच्या २००५च्या कायद्यात अंगमेहनतीच्या कामाला एक विशेषण आहे: अकुशल. त्या कायद्यांनी लाखो घरांत चूल पेटती ठेवली, याबद्दल मला आदरच आहे. पण हे विशेषण सरकारी कागदातून आपल्या डोक्यात उतरलं आहे. ज्या कामाची परीक्षा होत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही, जे करणाऱ्याला ते शब्दांत सांगता येत नाही, ते काम अकुशल. नामपूरच्या बाजार समितीत लिलाव चालू असतो, तेव्हा व्यापारी ट्रॉलीतला कांदा वरखाली करून काही क्षणांत बोली लावतो. त्याच्या त्या नजरेला सगळे ‘अनुभव’ म्हणतात आणि मान देतात. तोच कांदा चाळीत बसून निवडणारी बाई जोड कांदा, गोल्टी, डेंगळ्याचा, सडका असा तितक्याच वेगानं वेगळा करते. तिच्या नजरेला नाव नाही, आणि तिचा रोज ठरवताना ती कुणी मोजत नाही. काम सहज होताना दिसतं म्हणून ते सोपं ठरतं, सोपं ठरतं म्हणून स्वस्त ठरतं. आणि ते जितकं चांगलं मुरलेलं, तितकं जास्त सहज दिसतं.

म्हणून या पुस्तकाचा क्रम मेंदूच्या नकाशापासून सुरू होत नाही. पहिलं प्रकरण कांद्याच्या लागवडीचं आहे, आणि त्यात टोळीतल्या बायका एक रोप लावायला नेमकं काय काय करतात ते हालचाल-हालचाल लिहिलं आहे. ते वाचायला वेळ लागेल. शक्य असेल त्यांनी ते वाचण्याआधी एकदा वाफ्यात बसून दहा रोपं लावून पाहावीत.